यातून कुणी पीत होतं का?

लंडनला आमच्याकडे पाहुणे आले की पहिले दोन दिवस टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस वगैरे होतं आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये नेते. तिथे काचेच्या पेटीत चांदीचं एक जहाज आहे, ‘बर्ली नेफ’ नावाचं. नेफ म्हणजे मेजावर मांडायचं जहाजाच्या आकाराचं भांडं. उंची जेमतेम 35 सेंटीमीटर. डोलकाठ्या, शिडं, दोरखंड, इवल्या तोफा, सगळं चांदीचं, जागोजागी सोन्याचा मुलामा दिलेलं. जहाजाचं पोट मात्र धातूचं नाही. तो नॉटिलस या समुद्री जीवाचा अख्खा शंख आहे, मोत्यासारखा झळकणारा, आणि एका जलपरीने तो पाठीवर तोलून धरलाय. बघणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो: यातून खरंच कुणी पीत होतं का?

नाही. हे मिठाचं भांडं आहे. 1527-28 साली पॅरिसमध्ये घडवलेलं. त्या काळी तिकडच्या बड्या घरांत मेजवानीला मीठ ठेवायचं ते मानाच्या जागेसमोर, आणि भांडंही त्या मानाला साजेसं हवं. आपण पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतो, हे आठवलं की मला ते जहाज एकदम जवळचं वाटायला लागतं.

याच शंखाचे प्यालेही झाले, आणि ते तर शेकड्यांनी. सोळाव्या-सतराव्या शतकात न्यूरेम्बर्ग, उट्रेक्ट, डेल्फ्टच्या सोनारांनी ते चांदीत मढवले, कुणी वर मोती आणि रत्नं जडवली. घाट प्यायच्या भांड्याचा असला तरी बहुतेक प्याले राजेरजवाड्यांच्या दालनांत मांडून ठेवण्यासाठीच होते. निसर्गाची करामत आणि माणसाचं कसब एकाच वस्तूत दाखवायची तेव्हा फार हौस होती.

माझे वडील सोनार. पन्नास वर्षं त्यांनी सांगलीत पेढीवर काम केलं. ते आले तेव्हा पिण्याबिण्याचं त्यांनी काही विचारलंच नाही. खिशातलं भिंग काढून ते पेटीजवळ वाकले, बराच वेळ तसेच राहिले, आणि म्हणाले, “अगं, शंखाला आच लागली की संपलाच तो. मग झाळ दिली कुठे यानं?”

मला विचाराल तर खरा प्रश्न हाच. शंखावर झाळकाम, म्हणजे आच देऊन धातूचे सांधे जोडणं, करता येत नाही. त्यामुळे अशा कामात चांदीच्या पट्ट्या, कडा, बैठक सगळं आधी वेगळं घडवायचं, आगीचं काम तिथेच उरकायचं, आणि मग थंड चांदीत शंख बसवायचा, पट्ट्या खिळींनी आवळायच्या. शंख काही साच्यातून निघत नाही. प्रत्येकाची वळणं वेगळी. म्हणजे माप शंखाचं घ्यायचं आणि चांदीने त्याच्या अंगाप्रमाणे वळायचं. जरा जास्त आवळलं तर तडा, सैल राहिलं तर शंख डुगडुगणार.

आणि तो शंखही सोनाराच्या हातात असा आयता झळाळत येत नव्हता. नॉटिलस हिंद महासागराच्या पूर्वेला आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये, प्रवाळांच्या खोल उतारांवर राहतो. त्याची पाठ मूळची दुधी, वर तांबूस पट्टे. आंबट द्रावणात ठेवून, घासून तो थर काढला की आतली मोतिया झाक वर येते. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का, आणि मिरी-लवंगांच्या वाटेने असले शंखही लिस्बनला पोहोचू लागले. ज्या कुणी तो समुद्रातून काढला, ज्या हातांनी तो घासला, त्यांची नावं कुठेच नाहीत. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पेटीसमोर उभे राहाल तेव्हा घाई करू नका. मधल्या डोलकाठीच्या बुडाशी बघा. तिथे नखाएवढी दोन माणसं बुद्धिबळ खेळत बसलीत, एकमेकांचा हात हातात धरून. ती ट्रिस्टन आणि इझोल्ड, युरोपातल्या एका जुन्या प्रेमकथेतली जोडी. राजाशी लग्न लावायला तो तिला जहाजातून घेऊन निघालाय, आणि वाटेत दोघं चुकून प्रेमाचा काढा पितात. त्या जहाजावर कुणी काही प्यायलं असेल तर ते एवढंच.

“असा शंख विकत मिळतो का?” हेही बरेच जण विचारतात. कृपा करून घेऊ नका. नॉटिलस वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतो, अंडी मोजकीच घालतो, आणि शंखांच्या हौसेपायी तो काही ठिकाणी जवळपास संपलाय. 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आमच्या इथल्या देवघरात आईने दिलेला साधा शंख आहे. गेल्या वर्षी बाबांनी त्याच्यासाठी चांदीची आडणी पाठवली. माप मी दोऱ्याने घेऊन फोनवर कळवलं होतं, आणि त्यांनी तीनदा पुन्हा घ्यायला लावलं. शंख ठेवला, तो किंचितही न हलता बसला.