चवथीच्या तोंडावर थडगं

आमच्या घरी घुमट, म्हणजे मडक्यासारखं मातीचं तालवाद्य, मला कधी कुणी वाजवायला दिलं नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या फोंड्याच्या मूळ घरी सगळे जमतात, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घुमट आरती सुरू होते आणि माझ्या हातात कासाळं, म्हणजे झांज, येते. माझी लय पळते म्हणून. थोरल्या काकांचं त्यावरचं निदान ठरलेलं: "ते धडामधुडूम ऐकून ऐकून कान बिघडलाय त्याचा."

धडामधुडूम म्हणजे थ्रॅश मेटल, रॉक संगीतातला सुसाट, कर्कश प्रकार. ज्याला सवय नाही त्याला ते सगळं एकच वाटतं, भंगारवाल्याच्या टेंपोसारखं. पण शेतापलीकडून आरती ऐकू आली की हेच काका ओसरीवर बसल्या बसल्या सांगतात, हा हात अमक्याच्या घरचा. मलाही गिटारचे चार फटके पुरतात.

गंमत म्हणजे दोन्हीकडचं मर्म एकच आहे. घुमटाच्या मोठ्या तोंडाला चामडं असतं. पूर्वी घोरपडीचं, बंदी आल्यापासून बकरीचं. मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताने थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने ते तोंड झाकत-उघडत नाद कोंडायचा किंवा मोकळा सोडायचा. थ्रॅशचा गिटारवाला उजव्या तळव्याची कड तारांच्या मुळाशी टेकवून ठेवतो, त्यामुळे सूर लांबत नाही, जागच्या जागी घुसमटतो. तळवा उचलला की गर्जना. कोण किती दाबतो आणि कधी सोडतो, यावरून माणूस ओळखायचा.

मेटॅलिका या बँडच्या जेम्स हेटफिल्डचा हात मुसळासारखा. फटका वरून खाली, पुन्हा वरून खाली. वर जाताना तार छेडून श्रम वाचवावेत, हे त्याला मंजूर नाही. 1986 च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' आल्बममधलं त्याच नावाचं गाणं साडेआठ मिनिटांचं आहे आणि त्यात बराच वेळ हे कांडण चालतं. मी एकदा टेबलाच्या कडेवर बोटांनी करून पाहिलं. दीड मिनिटात मनगट गेलं.

याच बँडमधून 1983 मध्ये, पहिली रेकॉर्ड निघायच्या आधीच, गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला घरी पाठवलं. त्याने मेगाडेथ काढला आणि तो राग वर्षानुवर्षं वाजवला. त्याची गिटार भांडकुदळ माणसासारखी, एका वाक्यात तीन टोमणे. गातोही दातओठ खात. ॲन्थ्रॅक्स न्यूयॉर्कचे, बाकीच्यांपेक्षा जरा हसरे. सगळे मिळून एकसुरात ओरडतात तेव्हा गल्लीतल्या पोरांचा घोळका आल्यासारखा वाटतो. जर्मनीतल्या एसेनचा क्रिएटर म्हणजे गंजलेली करवत. मला तो फार वेळ सोसत नाही.

स्लेअरची गोष्ट वेगळी. कॉलेजात मित्राने त्यांचा 'रेन इन ब्लड' भरून दिला, तेव्हा मला वाटलं अर्धाच भरलाय. दहा गाणी, पण सगळा आल्बम साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एकाच बाजूला मावला होता! जेमतेम 29 मिनिटं. हेटफिल्ड कांडतो, हे लोक नुसते अंगावर येतात. केरी किंग आणि जेफ हॅनेमन या दोघांचे गिटारचे सोलो म्हणजे किंचाळ्याच, त्यात राग-बिग शोधू नये. आणि खाली डेव्ह लोंबार्डो, जन्माने क्यूबाचा, दोन पायांनी दोन बेस ड्रम बडवणारा. पहिल्याच गाण्यात शेवटाकडे बाकीची वाद्यं थांबतात आणि काही क्षण नुसते त्याचे पाय वाजतात.

याच मित्राने दिलेली दुसरी कॅसेट आजोबांच्या हाती लागली. ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद वाचल्याशिवाय सोडत नसत. वर बॉलपेनने फक्त बँडचं नाव लिहिलेलं. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं, "सेपुल्तुरा." मग माझ्याकडे पाहिलं. "अरे, म्हणजे थडगं! चवथीच्या तोंडावर थडगं घरात आणलंस?"

तोवर मला त्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातल्या माक्स आणि इगोर कावालेरा या भावांनी 1984 मध्ये हा बँड काढला, आणि आमच्या घरात आजोबांबरोबर संपत चाललेली भाषा त्यांची रोजची होती. 1991 चा त्यांचा 'अराइज' आल्बम कोरडा, खरखरीत, सुसाट. पाच वर्षांनी 'रूट्स'साठी ते शावांते आदिवासींकडे जाऊन राहिले. जाणकार त्याला थ्रॅश म्हणत नाहीत, पण इगोरचे ते खोल ढोल ऐकताना मला शिगम्याचं रोमटच, ढोलताशांची मिरवणूकच, दारात आल्यासारखं वाटतं.

गेल्या चवथीला आरती आटोपल्यावर भाच्याने मोबाइलवर स्लेअर लावलं. काका रागावतील म्हणून मी थांबवायला उठलो, तर त्यांनी हातानेच 'राहू दे' म्हटलं. डोळे मिटलेले. डावा तळवा मांडीवर उघडझाप करत होता. लोंबार्डोचे पाय येऊन गेले.

"हे पायांनी?"

"दोन्ही पायांनी."

"कुठे चुकत नाही रे." थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "मग तू इतकी वर्षं ऐकलंस तरी काय?"

दुसऱ्या दिवशीच्या आरतीला त्यांनी कासाळंसुद्धा भाच्याच्या हातात दिलं.