लेकरू चोरी करून राहिलंय, तर "काहून घेतलंस" विचारू नका

लेकरू पैसे घेताना सापडलं की घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, काहून घेतलंस रे? ते मान खाली घालून माहीत नाही म्हणते न् आपला पारा अजून चढतो. पण खरं सांगते, बरेचदा त्याला खरंच माहीत नसतं. मनाला आवर घालायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, आणि तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, तर ९ वर्षांच्या पोराचा हात विचाराच्या आधी गेला यात नवल काय.

माझ्या भाच्याचं सांगते. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरली, चांगला बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना लोक देतात ते पैसे, जमला, आणि संध्याकाळी लहान बहिणीचे पैसे गायब. सापडले याच्या कंपासमध्ये. आजी म्हणे पोलिसात देते, कोणी म्हणे दोन ठेवून द्या, कोणीतरी चोर पण म्हणालं. या शब्दाचा मला फार राग येतो. केलं ते चूक, हे त्याला कळलंच पाहिजे, पण आपण चोरच आहो असं पोराच्या मनात बसलं की चोरी थांबत नाही, फक्त लपवणं पक्कं होते.

मी त्याला आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे चक्कर मारायला नेलं आणि काहून हा शब्दच काढला नाही. पैसे दिसले तेव्हा कुठे बसला होता, जवळ कोण होतं, अंगात काय झालं, एवढंच विचारलं. तर पोट्टा बोलायला लागला ना! सगळ्यांकडे ते कार्ड आहेत, माझ्याकडेच नाही, आणि ती लहान म्हणून सगळे तिलाच जास्त देतात. मग म्हणाला, "छातीत धकधक झालं मावशी, न् पैसे हातात आलेच होते."

हेच पकडायचं असते! धकधक झाली की हात खिशात घालायचे, तिथून उठायचं, आणि घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं की मला घ्यावंसं वाटून राहिलं. थोड्या वेळात तो जोर आपोआप ओसरतो. आणि असं सांगायला आलेल्या पोरावर कोणीच ओरडायचं नाही, हे मी घरातल्या सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. त्याच सकाळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात त्या पुतळ्याची मिरवणूक, पाहून आला होता, तर म्हणे, "म्हणजे घेऊन जा गे मारबत म्हणू?" म्हण ना बाबा, पण तिथून उठून म्हण.

पैसे त्यानं स्वतःच बहिणीला परत दिले, पूर्ण घर गोळा करून नाही, दोघंच असताना. आता दर आठवड्याला थोडा पॉकेटमनी सुरू केला आणि फ्रिजवर उघडी पर्स ठेवणं बंद.

चार-पाच वर्षांच्या लेकराला तर माझं-तुझंच नीट कळत नाही, त्याला चोरी म्हणूच नका. पण मोठं पोरगं वारंवार घेत असेल, सोबत खोटं बोलणं, मारामाऱ्या, किंवा एका जागी न टिकणं असेल तर डॉक्टरला दाखवा, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं न् अती चळवळ, असली तरी हात आवरत नाही. उगाच क्लेप्टोमॅनिया, म्हणजे गरज नसताना चोरीची ओढ आवरता न येणं, म्हणून शिक्का नका मारू, तो आजार फार क्वचित असतो. आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. फक्त फोन लावताना लेकरू बाजूला बसलेलं नको.