ओनायडाच्या मॅन्शन हाऊसमधील एक दुपार

न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातील ओनायडा येथे १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलेली विटांची प्रचंड वास्तू आज पाहिली आणि परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही कोणीच फारसे बोललो नाही.

जॉन हंफ्री नॉइज या धर्मोपदेशकाने १८४८ मध्ये येथे वसवलेल्या पंथात पुढे सुमारे तीनशे माणसे एकत्र राहत होती. खासगी मालमत्ता नव्हती आणि प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा पती मानला जाई, त्यामुळे बाहेरच्या पाद्र्यांनी त्यांच्यावर व्यभिचाराचा ठपका ठेवला, यात नवल नाही. स्त्रिया मात्र त्या काळात केस आखूड कापत, आखूड झग्याखाली विजार घालत आणि पुरुषांच्या बरोबरीने कामे करत.

मला अस्वस्थ केले ते मुलांच्या हकिगतीने. कोणी कोणापासून अपत्य जन्माला घालावे, हे १८६९ पासून दहा वर्षे नॉइज आणि त्याची समिती ठरवत असे. अशी ५८ मुले जन्मली, ती आईपासून दूर, बालगृहात वाढली, आणि आईची विशेष माया हा दोष समजला गेला. मुलींच्या बाहुल्यासुद्धा जाळण्यात आल्या होत्या. समता एवढी महाग पडावी?

अटकेच्या भीतीने नॉइज १८७९ मध्ये कॅनडात पळाला, आणि १८८१ मध्ये पंथाची चक्क भागभांडवली कंपनी झाली. तिचे चमचे पुढे घराघरांत पोहोचले. त्या वास्तूत आजही काही कुटुंबे राहतात. एका खिडकीत वाळत घातलेले लहान मुलाचे मोजे दिसले.