हॅरिस यांनी बोलायला हवं होतं

अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस 'अचानक कृष्णवर्णीय झाल्या' असं ट्रम्प म्हणाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये सीएनएनवर त्याबद्दल विचारल्यावर हॅरिस यांनी 'तेच जुनं, पुढचा प्रश्न' म्हणत विषय संपवला. इथे न्यू जर्सीत टीव्हीसमोर बसलेली मी अक्षरशः चिडले. बोला ना! ऑफिसातली माझी कृष्णवर्णीय मैत्रीण मात्र म्हणाली, "बरोबर केलं. त्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट ट्रम्पच्या पदरात पडतं."

तिचं म्हणणं खोटं नाही. १९८९ मध्ये व्हर्जिनियात कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर वंशाचा मुद्दा मागे ठेवूनच गव्हर्नर झाले. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जगलेले! पण मतचाचण्यांतली मोठी आघाडी मतमोजणीत विरली आणि ते सात हजारांहून कमी मतांनी जिंकले. उमेदवार गप्प राहिला म्हणून मतदाराच्या मनातली भीती जात नाही.

म्हणून मला ओबामांचं १८ मार्च २००८ चं फिलाडेल्फियातलं भाषण मोठं वाटतं. त्यांच्या चर्चचे पाद्री राइट यांच्या प्रवचनांवरून गदारोळ चालू असताना, रस्त्यात जवळून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची आपल्या गोऱ्या आजीलाही भीती वाटायची, हे त्यांनी जाहीर सांगितलं. काळ्यांचा राग सांगितला, गोऱ्या कामगारांची नाराजीही. इतकं घरातलं बोलायला छाती लागते. फक्त वंशाबद्दलचा हा प्रश्न गोऱ्या उमेदवारांनाही तितक्याच नेमाने विचारा.