चिलिदाची काळी शाई आणि मधली पांढरी फट

एदुआर्दो चिलिदा म्हटलं की सगळ्यांना लोखंडच आठवतं, स्पेनमधल्या सान सेबास्तियानला समुद्राच्या तोंडाशी खडकात रोवलेला तो ‘वाऱ्याचा कंगवा’ वगैरे. भारीच आहे तो, वादच नाही. पण मला स्वतःला हा बास्क (उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातला) शिल्पकार सगळ्यात जास्त भिडतो तो त्याच्या लिथोग्राफमधे, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांमधे.

पहिल्यांदा बघताना वाटतं, काय आहे यात, जाड काळे आकार एकमेकांना खेटायला आलेत आणि ऐनवेळी थांबलेत, बास. ना रंग, ना माणूस, ना झाड. पण जरा जवळ जाऊन त्या दोन काळ्यांच्या मधली पांढरी फट बघा, कुठे करंगळीएवढी रुंद तर कुठे निमुळती होत केसाएवढी, सगळं चित्र तिथे आहे, काळं आहे ते फक्त तिला धरून ठेवायला. आणि काळ्याची कड पट्टीने मारल्यासारखी नाहीये, किंचित अडखळत जाते. तरुणपणी त्याचा उजवा हात चित्र काढण्यात इतका सराईत झालेला की त्याने मुद्दाम डाव्या हाताने काढायला सुरुवात केली, हे वाचल्यापासून मला त्या कडेकडे बघतच राहावंसं वाटतं. त्याआधी तो रेआल सोसिएदाद या फुटबॉल क्लबचा गोलकीपर होता, गुडघा गेला आणि खेळ सुटला. रिकामी जागा राखायचं काम मात्र जन्मभर चालूच राहिलं.

लिथोग्राफ म्हणजे आपला शिळाप्रेसच, जुन्या पोथ्या छापायचे तोच. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने काढायचं, गोंद आणि थोडं ॲसिड लावून दगड तयार करायचा, मग ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा शाईला शिवू देत नाही. खोदकाम अजिबात नाही. म्हणजे कागदावर जे पांढरं राहतं ते दगडावर पाण्याने राखलेलं असतं! चिलिदाला याहून योग्य तंत्र कुठलं मिळणार होतं सांगा.

आता लिमिटेड एडिशनबद्दल. खाली पेन्सिलीने १२/७५ असं, म्हणजे एकूण ७५ प्रतींमधली १२ नंबरची, लिहिलेलं दिसलं की लोक लगेच म्हणतात, म्हणजे कॉपीच ना. अजिबात नाही. ओरिजिनल दुसरीकडे कुठे टांगलेलं नसतंच, दगडावरून कागदावर उतरतं तेच ओरिजिनल, ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड घासून साफ करतात किंवा चित्रावर फुली मारतात. आणि १ नंबरची प्रत ७५ नंबरच्या प्रतीपेक्षा सरस असंही काही नसतं, क्रमांक टाकताना छपाईचा क्रम पाळतातच असं नाही.

सही असलेली प्रिंट महाग जाते. पण पॅरिसच्या माग गॅलरीच्या ‘दरिएर ल मिरुआर’ मासिकात चिलिदाचे लिथोग्राफ छापून आलेत, सही नसलेले, त्यामुळे बरेच स्वस्त. तुमच्या ओळखीत कुणाकडे त्या मासिकाची सुटी पानं असतील तर मला जरूर सांगा, नुसती बघायलासुद्धा मी येईन.