माळ्यावरची बुरशी

गेल्या वर्षी गणपतीला गावी गेलो, राजापूरजवळ घर आहे आमचं, आणि पाट काढायला माळ्यावर चढलो तर वर डोकं घालताच असला कुबट वास आला की काय सांगू. पाट उलटा केला तर खालून सगळी राखाडी-हिरवी लव, बोट लावलं की पावडर उडायची. वासे, रिपा, सगळीकडे काळे ठिपके. लहानपणापासून या माळ्यावर खेळलोय, असं कधीच नव्हतं, म्हणून जीव तुटला अगदी.

घाईत केरसुणीनेच झाडायला लागलो आणि तिथेच चुकलं. सुकी बुरशी झाडली की तिचे बीजाणू घरभर पसरतात, दोन दिवस मी आणि आई नुसते खोकत होतो. मग दिवाळीला ऊन पडल्यावर नीट केलं. एन-95 मास्क, चष्मा, हातमोजे, आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, ओलं असतानाच ब्रशने घासायचं, फडक्याने पुसायचं, फडकी टाकून द्यायची आणि मग पंखा लावून लाकूड खडखडीत वाळवायचं. ब्लीच नको, ते लाकडात खोल जात नाही, त्यातलं पाणी तेवढं मुरतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. काळे डाग थोडे राहतात, राहू देत. पण स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर लाकूड कुजलंय, आमचा एक वासा असाच बदलावा लागला.

पण झालं कशामुळे? आई म्हणाली, "अरे, पूर्वी खाली चूल होती ना, दिवसभर ऊब आणि धूर वर जायचा, कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा." मला हे पटलं. आता गॅस आला, धूर गेला ते आईच्या डोळ्यांसाठी चांगलंच झालं, पण आम्ही वर पीव्हीसी सिलिंग मारलं, कौलांखाली प्लास्टिक अंथरलं आणि नव्या बाथरूमचा एक्झॉस्ट चक्क माळ्यात सोडला! म्हणजे वाफ वर जाणार आणि तिथेच कोंडणार.

आता एक्झॉस्टचा पाइप भिंतीतून बाहेर काढलाय, प्लास्टिक काढून टाकलं, छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणात हवेसाठी जाळी बसवली, आणि मे महिन्यात फुटकी कौलं बदलून घर शाकारून घेतलं, कारण वरून गळत असेल तर बाकी सगळं फुकट. पावसात बाहेरचीच हवा ओली, त्यामुळे नुसत्या जाळीने भागत नाही, गोधड्या-पुस्तकं-पुठ्ठ्याचे खोके खाली आणले, वर फक्त तांब्या-पितळेची भांडी. एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, टांगलाय. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाढणं अवघड जातं, जुलैत ते शक्यच नाही, पण ऑक्टोबरात काटा खाली आला की माळ्याचं दार दिवसभर उघडं ठेवायचं असं आईला सांगून आलोय.

पाट मात्र आईने परत वर ठेवू दिला नाही. सुती कापडात गुंडाळून माजघरात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलाय तिने.