पिल्सेनचं तळघर आणि चिठ्ठीवरच्या रेघा

प्रागला चार दिवस राहून तिथल्याच गर्दीत बिअर पिऊन परतायचं, असा आमचा बेत होता. पण मावसभाऊ हटून बसला. "बाटल्यांवर 'पिल्सनर' वाचत म्हातारे झालो, आता ते गाव बघायचंच." गाव म्हणजे पिल्सेन, तिथले लोक प्ल्झेन म्हणतात. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून आगगाडीने साधारण दीड तास, पुढे ब्रुअरीपर्यंत, म्हणजे बिअरच्या कारखान्यापर्यंत, पायीच जाता येतं. गाडी भाड्याने घेऊ नका. चेक प्रजासत्ताकात एक ग्लास पिऊनही गाडी चालवलेली चालत नाही.

आम्ही पिल्सनर उर्केलच्या ब्रुअरीत गेलो. इंग्रजी टूरच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे बुकिंग आधीच करा. १८३८ मध्ये गावातली बिअर इतकी बिघडली होती, की ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली गेली. मग बिअर बनवायचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी काढली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या कारागिराला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा लावला. थंडीत सावकाश आंबवायची बव्हेरियन रीत, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झाटेक गावचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि इथलं मऊ पाणी, एवढ्यावर बिअर सोनेरी निघाली. तोवर तिथल्या लोकांना गडद बिअरचीच सवय होती.

तांब्याच्या प्रचंड भांड्यांपाशी फोटो काढण्यात वेळ घालवू नका. खरी मजा तळघरात आहे. वाळूच्या खडकात हातांनी खोदलेले बोगदे, एकूण सुमारे ९ किलोमीटर. भर उन्हाळ्यातही आत फ्रिजसारखी थंडी. मी टीशर्टवर गेलो आणि कुडकुडत बाहेर आलो; जाकीट न्याच. शेवटी ओकच्या पिंपातून थेट ग्लासात दिलेली, न गाळलेली बिअर मिळते. किंचित धूसर, पावासारखा वास, शेवटी स्वच्छ कडवटपणा. भारतात याच नावाने जे पितो त्याच्याशी तिचं नातं दूरच्या चुलत्याइतकंच.

संध्याकाळी एका जुन्या 'होस्पोदा'त, म्हणजे बिअरच्या खानावळीत बसलो. पाटीवर '१२' बघून मी दचकलो. बारा टक्के? मग कळलं, तो आकडा आंबवण्याआधीच्या अर्काचा, म्हणजे मुख्यतः माल्टमधून उतरलेल्या साखरेचा आहे. अल्कोहोल ४.४ टक्केच. फेस जास्त दिसला म्हणून तक्रार करू नका, तो मुद्दामच असतो. 'म्लीको' मागवलात तर जवळजवळ ग्लासभर फेसच येतो, दुधासारखा गोडसर. तो एका दमात संपवायचा. मला आवडला, भावाला अजिबात नाही.

शाकाहारी असाल तर तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', बहुतेक ठिकाणी मिळतं. रोख कोरुना, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा.

आणि एक. ग्लास संपत आला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढतो. आम्हाला वाटलं, पाहुणचार आहे! पुरे झालं की ग्लासवर कोस्टर ठेवायचा. हे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेने सांगेपर्यंत आमच्या चिठ्ठीवर सात रेघा झाल्या होत्या, आणि प्रागची शेवटची गाडी कितीची ते आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं.